वर्डमध्ये पेस्ट केलं की मराठी मजकूर बिघडतो: डिफॉल्ट नेमकं काय ठेवायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करता. व्हॉट्सॲपवरून, वेबसाइटवरून किंवा जुन्या खरेदीखतांतून मजकूर उचलून वर्डमध्ये पेस्ट केला की फॉन्ट बदलतो, अक्षरांचा आकार बदलतो, कधी मजकुरामागे करडा पट्टा येतो. दर वेळी राइट क्लिक करून 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडायचा कंटाळा आला, म्हणून कुणीतरी सांगितल्याप्रमाणे ऑप्शन्समध्ये जाऊन चारही ठिकाणी तेच डिफॉल्ट केलंत. वेबसाइटचा मजकूर स्वच्छ यायला लागला, पण दहा वर्षांपूर्वीच्या खरेदीखतातले परिच्छेद पेस्ट केले तर इंग्रजी अक्षरांची रांग लागली. आता यातलं बरोबर सेटिंग कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

आधी धीराची गोष्ट सांगते. तो मजकूर गेलेला नाही. ती इंग्रजी अक्षरं सिलेक्ट करा आणि मूळ फाइलमध्ये जो फॉन्ट होता तोच पुन्हा लावा. जवळजवळ सगळं मराठी परत दिसेल. असं का होतं हे एकदा समजून घेतलंत की सेटिंग कोणतं ठेवायचं याचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. म्हणून थेट 'इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा' असं सांगण्याआधी थोडं कारण सांगते.

आपण कॉपी करतो तेव्हा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं त्या जागेत, एकच प्रत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एकाच मजकुराच्या दोन-तीन प्रती जातात. एक प्रत सजावटीसकट असते, म्हणजे फॉन्ट, रंग, टेबल, लिंक सगळं त्यात असतं. दुसरी प्रत नुसत्या अक्षरांची असते. पेस्ट करताना यातली कोणती प्रत उचलायची आणि तिच्यातलं काय ठेवायचं, हे वर्ड ठरवतं. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' म्हणजे सजावट जशीच्या तशी. 'मर्ज फॉरमॅटिंग' म्हणजे फॉन्ट, आकार, रंग तुमच्या फाइलचे, पण एखादा शब्द मुद्दाम ठळक किंवा तिरपा केलेला असेल तर तो तसाच राहतो, आणि टेबलही टेबल म्हणूनच येतं. 'कीप टेक्स्ट ओन्ली' म्हणजे फक्त अक्षरं. चित्रं गळतात, टेबल मोडून साधे परिच्छेद होतात, ठळकपणा जातो.

इंग्रजीत काम करणाऱ्याला इथवर माहिती पुरते. मराठीत एक गोष्ट जास्तीची आहे आणि तुमचा सगळा घोटाळा तिथेच झालाय. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे फॉन्ट, आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे सुरेख-योगेशसारखे फॉन्ट यांच्यात मराठी अक्षर हे खरं मराठी अक्षर म्हणून साठवलेलंच नसतं. आत साठतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार रंगवून दाखवतो. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलंत तर फाइलच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. त्या फाइलीत फॉन्ट हाच मजकुराचा अर्थ आहे. फॉन्ट काढलात की उरतं ते एच-के-के-जे-आर. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, असं होत नाही. तिथे देवनागरीला स्वतःच्या १२८ जागांचा पट्टा आहे आणि 'भ' हा 'भ' म्हणूनच साठतो. मग फॉन्ट मंगल असो, निर्मला असो, अपराजिता असो, अक्षर तेच राहतं.

म्हणून 'सगळीकडे टेक्स्ट ओन्ली करा' हा सल्ला युनिकोड मजकुरासाठी चांगला आणि जुन्या फॉन्टच्या मजकुरासाठी घातक आहे. आणि एक लक्षात ठेवा, 'मर्ज'सुद्धा इथे वाचवत नाही. 'मर्ज'ही तुमच्या फाइलचा फॉन्ट लावतं, त्यामुळे कृतिदेवचा मजकूर तिथेही तसाच फुटतो.

मी नाशिकलाच शालिमारजवळ १९९९ पासून डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी मांडून देण्याचं, काम करते. पहिली बारा-तेरा वर्षं माझ्याकडची प्रत्येक फाइल जुन्या फॉन्टमध्ये होती: साठेखतं, बक्षीसपत्रं, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका. आजही आठवड्यातून दोन-तीन फाइली तशा येतात. म्हणून माझ्याकडचा पहिला नियम असा आहे, की अनोळखी फाइल उघडल्यावर पेस्टचं काहीही करण्याआधी तिचा मजकूर कोणत्या जातीचा आहे ते बघायचं. त्याला पाच सेकंद लागतात. फाइलमधला एक शब्द कॉपी करायचा आणि ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत पेस्ट करायचा. तिथे मराठीच दिसलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं दिसली तर जुना फॉन्ट. फॉन्टच्या नावावर विसंबू नका. एकाच फाइलीत अर्धा मजकूर या जातीचा आणि अर्धा त्या जातीचा असलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय, कारण ती फाइल चार जणांच्या हातून गेलेली असते.

आता सेटिंगकडे येते. फाइल, मग ऑप्शन्स, मग ॲडव्हान्स्ड, आणि थोडं खाली 'कट, कॉपी अँड पेस्ट' हा भाग. होम टॅबवरच्या पेस्ट बटणाखालचा बाण दाबून 'सेट डिफॉल्ट पेस्ट' निवडलंत तरी याच पानावर पोचता. तिथे चार ओळी आहेत. त्या चार असण्यामागे कारण आहे. मजकूर कुठून कुठे चाललाय यावर निर्णय बदलतो, आणि चारही ओळींना एकच उत्तर दिलं की त्या चार असण्याचा उपयोगच संपतो.

पहिली ओळ त्याच फाइलमधल्या पेस्टची. इथे 'कीप सोर्स' हेच राहू द्या. तुम्ही करारनाम्यातला परिच्छेद उचलून दोन पानं खाली नेता, तेव्हा पक्षकारांची ठळक केलेली नावं ठळकच राहायला हवीत. इथे 'टेक्स्ट ओन्ली' केल्याने तुमच्याच हातचं काम तुम्ही पुसत होतात.

दुसरी ओळ एका वर्ड फाइलमधून दुसऱ्या वर्ड फाइलमध्ये पेस्ट करण्याची. तुमच्या कामात सगळ्यात जोखमीची हीच. ऑफिसातला जुना साठा अजून कृतिदेवमध्ये असेल, तर तो युनिकोडमध्ये बदलून होईपर्यंत इथेही 'कीप सोर्स' ठेवा. फॉन्ट विजोड दिसेल, पण अक्षर शाबूत राहील. साठा बदलून झाला की इथे 'मर्ज' करा. मी स्वतः माझ्या मशीनवर इथे 'मर्ज' ठेवते, कारण मी जुन्या फॉन्टची फाइल आली की आधी ती बदलून घेते आणि मगच तिच्यातला मजकूर उचलते. ही शिस्त तुमच्या ऑफिसात सगळे पाळतील याची खात्री नसेल तर माझं बघून 'मर्ज' करू नका.

तिसरी ओळ बहुतेकांना कळतच नाही: दोन फाइलींमधल्या स्टाइल एकमेकींशी जुळत नसतील तेव्हा काय करायचं. स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार वगैरेंचा नाव दिलेला संच. तुमच्या फाइलीत 'नॉर्मल' नावाची स्टाइल आहे, समोरच्या फाइलीतही 'नॉर्मल' आहे, पण दोघींचा फॉन्ट वेगळा. नाव एक आणि माणसं दोन, तसंच हे. वर्ड इथे आपणहून 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' धरतं, म्हणजे तुमच्या फाइलची स्टाइल जिंकते. युनिकोड मजकुराला हे अगदी योग्य आहे. पण यातच एक खोल खड्डा आहे. जुन्या फाइलीत टाइप करणाऱ्याने मजकूर सिलेक्ट करून कृतिदेव लावलेला नसून 'नॉर्मल' स्टाइलचाच फॉन्ट कृतिदेव केलेला असेल, तर दुसऱ्या ओळीत 'कीप सोर्स' असूनही पेस्ट केल्यावर मजकूर फुटतो. स्टाइलची नावं जुळली, तुमची स्टाइल जिंकली, फॉन्ट गेला. 'मी तर काहीच बदललं नव्हतं, तरी असं झालं' म्हणून जे लोक माझ्याकडे येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच निघतं. तुमच्या साठ्यात अशा फाइली असतील तर तेवढे दिवस तिसऱ्या ओळीतही 'कीप सोर्स' करा.

चौथी ओळ इतर प्रोग्रॅममधून येणाऱ्या मजकुराची: ब्राउझर, व्हॉट्सॲप, एक्सेल, पीडीएफ. वर्डच्या आवृत्तीप्रमाणे इथे आधीपासून 'कीप सोर्स' किंवा 'मर्ज' असतं. तुम्ही सांगितलेला करडा पट्टा आणि वेडेवाकडे आकार याच दारातून येतात. इथे 'टेक्स्ट ओन्ली' ठेवायचं की 'मर्ज', हे तुम्ही रोज काय पेस्ट करता त्यावर आहे. पक्षकारांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली नावं-पत्ते, वेबसाइटवरचे उतारे असं असेल तर 'टेक्स्ट ओन्ली' उत्तम. पण मिळकतीच्या क्षेत्राचं, हिश्शांचं टेबल एक्सेलमधून वारंवार आणत असाल तर 'टेक्स्ट ओन्ली'ने त्या टेबलचे नुसते टॅब टाकलेले आकडे होतील. हिश्शाच्या रकान्यातला आकडा शेजारच्या नावापुढे सरकला तर काय होईल हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे 'मर्ज' घ्या.

डिफॉल्ट काहीही ठेवलंत तरी अपवाद येतातच. त्यासाठी माउस लागत नाही. कंट्रोल-व्हीने पेस्ट करा, मग नुसतं कंट्रोल एकदा दाबून सोडा, आणि मग के, एम किंवा टी दाबा. के म्हणजे सोर्स, एम म्हणजे मर्ज, टी म्हणजे फक्त टेक्स्ट. ऑप्शन्सच्या त्याच पानावरची 'शो पेस्ट ऑप्शन्स बटन'ची टिक मात्र राहू द्या. नव्या वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की थेट टेक्स्ट ओन्ली पेस्ट होतं. जुन्या आवृत्तीत हीच तीन बटणं फक्त फॉरमॅटिंग चिकटवतात, मजकूर नाही. ऑफिसातल्या दोन मशीनवर दोन वेगळ्या आवृत्त्या असतील तर हे आधी तपासा, नाहीतर एकावर हात बसेल आणि दुसऱ्यावर चुकेल. आणि हे चार ओळींचं सेटिंग फाइलमध्ये साठत नाही, ते त्या मशीनवरच्या त्या युजरचं असतं. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे गेलात तर तिथलं सेटिंग चालेल. ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर ते वेगळं करावं लागेल.

इथपर्यंतचं थोडक्यात: आज तुमच्याकडे जुना साठा आहे असं धरून पहिल्या तिन्ही ओळींत 'कीप सोर्स', चौथीत 'टेक्स्ट ओन्ली'. साठा युनिकोडमध्ये आला की दुसरीत 'मर्ज' आणि तिसरीत 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स'. टेबलं जास्त असतील तर चौथीतही 'मर्ज'.

पण हे सगळं करूनही तुम्हाला एक अडचण येईल आणि तुम्ही म्हणाल की सेटिंग चालत नाही. 'टेक्स्ट ओन्ली'ने स्वच्छ मजकूर आला, वरच्या खिडकीत आकार १४ दिसतोय, तरी मराठी अक्षरं बारीक आणि मंगलमध्येच येतात. असं झालं तर दोष पेस्टचा नाही. स्वच्छ मजकूर ज्या घरात उतरतो त्या घराचीच मांडणी अपुरी आहे. वर्डमध्ये प्रत्येक स्टाइलला दोन फॉन्ट असतात: एक इंग्रजीसाठी आणि एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'साठी. देवनागरी या दुसऱ्या गटात येते. फॉन्ट, आकार आणि ठळकपणा, तिन्ही गोष्टी दोन्ही गटांत वेगवेगळ्या साठतात. आपण बहुतेक वेळा फक्त इंग्रजीचा भाग बदलतो आणि मराठीचा जसाच्या तसा राहतो.

म्हणून होम टॅबवर स्टाइलच्या पट्टीत 'नॉर्मल'वर राइट क्लिक करा, 'मॉडिफाय' निवडा, खाली डावीकडे 'फॉरमॅट' बटण आहे त्यातून 'फॉन्ट' उघडा. तिथे 'लॅटिन टेक्स्ट' आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असे दोन भाग दिसतील. दुसऱ्या भागात तुमचा मराठी फॉन्ट आणि आकार भरा. तो भागच दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. शेवटी 'न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट' हा पर्याय निवडलात की यापुढची प्रत्येक नवी फाइल याच मांडणीने उघडेल. माझ्याकडे नवीन मुलगी कामाला लागली की पेस्टच्या सेटिंगआधी मी तिला हे करायला लावते. स्टाइल नीट नसेल तर पेस्ट कितीही स्वच्छ केलं तरी पुन्हा सगळा मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट लावावाच लागतो. मग तीच सवय हाताला लागते आणि त्या सवयीनेच पुढे कृतिदेवच्या परिच्छेदावर मंगल लावला जातो.

फॉन्टचा आग्रह मी नुसत्या दिसण्यासाठी धरत नाही. मराठी फॉन्टांच्या ओळीची उंची एकमेकांपेक्षा बरीच वेगळी असते. मंगलची ओळ उंच. दुसऱ्या फॉन्टमधल्या दस्तात मंगलचे दोन परिच्छेद शिरले तरी पानाचा मेळ बिघडतो. स्टॅम्प पेपरवर छपाई करताना वरची जागा सोडून मजकूर बसवलेला असतो. दोन ओळी वाढल्या की सह्यांच्या जागा एकट्याच पुढच्या पानावर जातात. स्टॅम्पवर छपाई झाल्यावर हे लक्षात आलं तर त्याची भरपाई कशी करायची, हा प्रश्न पक्षकारासमोर उभा राहतो.

आता क्रमांकांबद्दल. हे मी स्वतः चुकून शिकले आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी एका भागीदारी कराराचं काम होतं. जुन्या करारातली कलमं नव्या करारात घ्यायची होती. जुन्या फाइलीत कलमांचे क्रमांक वर्डच्या आपोआप चालणाऱ्या नंबरिंगचे होते. मी ती कलमं 'टेक्स्ट ओन्ली'ने आणली. ऑप्शन्सच्या त्याच पानावर एक टिक असते, टेक्स्ट ओन्लीने पेस्ट करताना बुलेट आणि नंबर ठेवायचे की नाही याची. ती माझ्याकडे चालू होती, त्यामुळे क्रमांक दिसत होते आणि मला वाटलं सगळं ठीक आहे. पण ते क्रमांक आता जिवंत नव्हते, टाइप केलेले आकडे झाले होते. मग वकिलांनी मध्ये एक नवीन कलम घालायला सांगितलं. मी ते घातलं, क्रमांक दिला, पुढचे दोन हाताने बदलले आणि त्यापुढचे तसेच राहिले. करारात दोनदा ९ आलं, आणि नफा वाटपाच्या कलमात 'वरील कलम ९ प्रमाणे' असा उल्लेख होता. सही व्हायच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या बाजूच्या वकिलांनी ते पकडलं. चूक संपूर्ण माझी होती. त्यांनी पकडलं नसतं तर पुढे त्या दोन भागीदारांमध्ये त्या एका आकड्यावरून वाद झाला असता.

तेव्हापासून क्रमांकित कलमं मी कधीच 'टेक्स्ट ओन्ली'ने आणत नाही. 'मर्ज'ने आणते, आणि आणल्यावर एका क्रमांकावर क्लिक करून बघते. जिवंत नंबरिंग असेल तर क्रमांकावर क्लिक केल्यावर त्या यादीतले सगळे क्रमांक एकदम करडे होतात. एकही करडा झाला नाही तर तो टाइप केलेला आकडा आहे. ती टिक बंद ठेवली तर टेक्स्ट ओन्लीत क्रमांक मुळीच येत नाहीत, आणि माझ्या मते दस्ताच्या कामाला तेच जास्त सुरक्षित आहे. नसलेला क्रमांक लगेच डोळ्याला टोचतो. खोटा क्रमांक टोचत नाही.

जुना साठा बदलण्याबद्दल थोडं सांगते, कारण तुमचं खरं काम तेच आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये करणारे कन्व्हर्टर मिळतात. प्रत्येक फॉन्टच्या जातीची मांडणी वेगळी असते, त्यामुळे कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. आणि संपूर्ण फाइल एकदम कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. दस्तात पॅन नंबर, इंग्रजी नावं, ईमेल असं खरोखर इंग्रजीत टाइप केलेलं असतं. कन्व्हर्टरला ते कळत नाही, तो त्याचंही मराठी करून टाकतो. वर्डच्या फाइंडमध्ये 'मोअर' उघडून, 'फॉरमॅट'मधून 'फॉन्ट' निवडा, तिथे कृतिदेव द्या आणि शोधायची खिडकी रिकामीच ठेवा. मग 'फाइंड इन'मधून 'मेन डॉक्युमेंट' निवडलंत की कृतिदेवमधला तेवढाच मजकूर सिलेक्ट होतो आणि इंग्रजी भाग बाजूला राहतो. दस्तात कुठे कुठे कृतिदेव आहे याचा नकाशाच समोर येतो. मग त्यातला एकेक सलग तुकडा बदलून त्याच्या जागी ठेवा.

बदलल्यावर वाचायचं. पहिल्या वेलांटीची आणि रफाराची जागा चुकणं नेहमीचं आहे. 'पूर्वेस', 'सर्वे नंबर', 'हिस्सा', 'दुर्गा' असे शब्द मी मुद्दाम तपासते. त्यातही नावं, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा या चार गोष्टी आम्ही दोघी मिळून तपासतो. एक जुना कागद मोठ्याने वाचते, दुसरी स्क्रीनवर बघते. चतुःसीमेत पूर्वेच्या जागी पश्चिम गेलं तर ते स्पेलिंग तपासणीत कधीच सापडणार नाही.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ओझरता उल्लेख केलाय की डिजिटल सहीच्या सातबाऱ्यातून मजकूर कॉपी केला तर जोडाक्षरं तुटतात. त्यावर पेस्टच्या कोणत्याही सेटिंगचा इलाज नाही. पीडीएफ हे छपाईसाठी केलेलं चित्र समजा. त्यात अक्षराचा आकार कुठे ठेवायचा एवढं असतं, शब्द कसा वाचायचा हे बऱ्याचदा नसतं. म्हणून काना-वेलांट्या इकडच्या तिकडे होतात आणि अर्धी अक्षरं गळतात. लांब मजकूर असेल तर पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा. ते चित्र वाचून मराठी मजकूर देतं आणि तो बराच बरा असतो. पण सातबाऱ्यातला गट नंबर, हेक्टर-आरमधलं क्षेत्र आणि खातेदारांची नावं मी कुठूनही कॉपी करत नाही. हाताने टाइप करते आणि कागदाशी ताडून बघते. निफाडच्या एखाद्या गावात एकाच आडनावाची आठ खाती असतात. तिथे एक अक्षर हललं की माणूस बदलतो.

पीडीएफमधून आणलेल्या साध्या मजकुरात प्रत्येक ओळीनंतर परिच्छेद तुटतो, तो रिप्लेसने जोडता येतो. वर्डमध्ये परिच्छेदाची खूण म्हणजे कॅरेट आणि पी (^p). आधी दोन सलग खुणांच्या जागी एखादं कधी न वापरलं जाणारं चिन्ह घाला, मग एकेकट्या खुणांच्या जागी स्पेस, आणि शेवटी त्या चिन्हाच्या जागी पुन्हा एक खूण. वेबसाइटवरून आणलेल्या मजकुरात शब्द विचित्र ठिकाणी तुटत असतील तर तिथे न तुटणारी स्पेस आलेली असते. ती 'टेक्स्ट ओन्ली'नेही जात नाही. तिची खूण कॅरेट आणि एस (^s). ती शोधून साधी स्पेस घाला. व्हॉट्सॲपवरून एकदम अनेक मेसेज कॉपी केले की प्रत्येकापुढे वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव येतं, आणि ठळक शब्दांभोवती तारे येतात. हे सगळं अक्षरं म्हणूनच आलेलं असतं, त्यामुळे हातानेच काढावं लागतं.

तुमच्याच ऑफिसात कुणी लिबरऑफिस वापरत असेल तर तिथे कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-व्हीने सजावटीशिवाय पेस्ट होतं, आणि टूल्समधल्या कस्टमाइझमध्ये जाऊन हीच आज्ञा साध्या कंट्रोल-व्हीला देता येते. गुगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही. नोटपॅडमधून मजकूर गाळून आणायची जुनी पद्धतही चालते, फक्त जुन्या विंडोजवर ती नोटपॅडची फाइल सेव्ह करू नका. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बदललं नाही तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं होतात, आणि ती मात्र कोणत्याही फॉन्टने परत येत नाहीत.

सेटिंग बदलून झाल्यावर लगेच खऱ्या दस्तावर काम सुरू करू नका. एक कोरी फाइल उघडा. तीत एक परिच्छेद कृतिदेवच्या जुन्या खरेदीखतातून, एक वेबसाइटवरून, एक एक्सेलचं छोटं टेबल आणि चार क्रमांकित कलमं पेस्ट करून बघा. कुठे काय होतंय ते कागदावर लिहून मशीनशेजारी चिकटवा. इथे मला पुन्हा विचारणार असाल तर वर्डची आवृत्ती कोणती, आणि जुन्या फाइलीतला मजकूर सिलेक्ट केल्यावर फॉन्टच्या खिडकीत कोणतं नाव दिसतं, या दोन गोष्टी लिहा. त्या नावावरून कोणता कन्व्हर्टर चालेल ते सांगता येईल.